बिचारा शेवटचा धक्का

आमच्या सोसायटीच्या लहान फाटकावर एक पाटी आहे. पुण्यात फाटकावर पाटी असणं ही काही बातमी नव्हे. पण या पाटीत धमकी नाही, वेळापत्रक नाही, वाचणाऱ्याच्या अकलेचा उद्धारही नाही. तिच्यावर एवढंच लिहिलं आहे : ‘हे फाटक दिवसाला सरासरी २०० वेळा लागते. वर्षाला ७३,०००. बिजागरी मर्त्य आहे.’ नवा कुरिअरवाला ती वाचतो, क्षणभर अंतर्मुख होतो आणि मग फाटक धाडकन आपटून निघून जातो. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आवाज येतो, “धरला!”

हा आवाज नानांचा. ‘धरला’ म्हणजे कुरिअरवाल्याला नव्हे. तो धक्का हिशेबात धरला.

प्रत्येक वस्तीत एक भविष्यवेत्ता असतोच. कुणी पाऊस सांगतो, कुणी सोन्याचा भाव, कुणी कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय ते. आमचे नाना वस्तूंचं उरलेलं आयुष्य सांगतात. हात बघत नाहीत, पत्रिका बघत नाहीत, वेल्ड बघतात.

नानांनी सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात काढली. मी इथे नवीन होतो तेव्हा विचारलं होतं, “नाना, तिथे नक्की काय करायचात?” म्हणाले, “फटीग.” मला वाटलं, दमायचे. चौतीस वर्षं दमण्याचा पगार घेतलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून आदरानं गप्प बसलो. नानांनी माझ्या हातातल्या कागदांची यू-पिन काढून घेतली, सरळ केली आणि उलटसुलट वाकवायला लागले. एक, दोन, तीन... अकराव्या वेळी पिनेचे दोन तुकडे झाले. त्यातला एक माझ्या चहात पडला.

“पहिल्यांदा वाकवली तेव्हा तुटली का?”

“नाही.”

“दहाव्यांदा?”

“नाही.”

“मग अकराव्यात असं काय जास्त होतं?”

“काही नाही.”

“बरोबर! अकरावा बिचारा निमित्तमात्र. तुटायला सुरुवात पहिल्यापासूनच झाली होती.”

माझ्या सुट्या झालेल्या कागदांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना मी कागद दोऱ्यानं बांधून नेतो.

नानांच्या दिवाणखान्यात तीन तसबिरी आहेत. गणपती, नानांचे आईवडील आणि एक कोटातला युरोपियन म्हातारा. कामाला येणाऱ्या मावशी दसऱ्याला झेंडूचे तीन हार करतात. तिसरा या म्हाताऱ्याला. ते नानांचे शाळेतले कुणी गुरुजी असावेत अशी मावशींची समजूत आहे आणि ती फारशी चुकीची नाही. त्याचं नाव आउगुस्ट व्योलर, जर्मन रेल्वेतला इंजिनिअर. आगगाड्या सुरू झाल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांचे आस मोडायला लागले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीचा भीषण अपघात झाला, तोही इंजिनाचा आस मोडूनच. लोखंड चांगलं, जाडी पुरेशी, वजन पेलण्याची ताकद आहे, मग मोडतं का? लोक म्हणत, लोखंड म्हातारं झालं की आतून दाणेदार होतं. व्योलरनं चालत्या गाडीखाली आस किती वाकतो ते मोजलं, मग यंत्रावर आस लाखो वेळा फिरवून तोडले आणि सांगितलं, भार किती मोठा एवढंच विचारू नका, किती वेळा येतो तेही विचारा.

“आणि गंमत बघ,” नाना तसबिरीकडे बघत म्हणतात, “१८१९ चा जन्म, १९१४ ला गेला. थकवा ज्यानं मोजला तो स्वतः ९४ वर्षं टिकला!” हे आकडे नानांना झोपेतही येतात. वडिलांची तिथी मात्र दर वर्षी काकूंना विचारावी लागते.

कुणाकडे गेल्यावर बाकीचे पाहुणे पोह्यांवर खोबरं आहे का ते बघतात. नाना खुर्ची उलटी करतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट काकू अजून कपाळाला हात लावून सांगतात. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा नाना मान वर करून छताकडे बघत होते. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कशी वाटली मंडळी? नाना म्हणाले, “उत्तम घराणं. पंख्याच्या हुकाला स्प्लिट पिन आहे.” लग्न झालं. पंखाही अजून आहे.

पण ‘किती टिकेल?’ असं थेट विचारलंत तर नाना घोळात घेतात. “ही खुर्ची? अडीच ते साडेसात वर्षं.” ऐकणारा हसतो. नाना हसत नाहीत. एकाच सळईतून दहा तुकडे कापा, एकाच यंत्रावर, एकाच भाराखाली वाकवा. एक लाखभर फेऱ्यांत मोडतो, त्याचा सख्खा भाऊ चार लाखांपर्यंत जातो. या धंद्यातला आलेखसुद्धा असा की कागदावर एक घर पुढे सरकलं की आकडा दसपट होतो. “आमच्यात उत्तर दुपटीच्या आत आलं तर पेढे वाटतात,” नाना सांगतात.

“म्हणूनच हे ‘अर्ध्या तासात आलो’ म्हणून मंडईत जातात आणि तासाभरानं उगवतात,” काकू आतून म्हणतात. “दुपटीच्या आत आले म्हणून मी पेढे वाटू का?”

यू-पिनेचा खेळ हा नानांच्या दृष्टीनं बालवाडीचा अभ्यास. पिन सारखीच वाकवली, सोपं झालं. पण रस्ता गाडीला सारखाच वाकवतो का? आता लहान धक्का, मग मोठा, मग दोन किरकोळ, मग भलताच. कधी, केवढा येईल याचा नेम नाही. इंग्रजीत याला रँडम लोडिंग म्हणतात. नानांचा शब्द ‘लहरी भार’. “सरकारी कोशात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण सासू, वळीव आणि पौड रस्ता ज्या एका शब्दात बसतात, तोच शब्द बरोबर.”

रोज पहाटे नाना टेकडीवर जातात. वर वेताळाचं देऊळ आहे. लोक तिथे मोर बघायला, मोकळी हवा खायला आणि एकमेकांच्या साखरेचे आकडे विचारायला जातात. नानांचा नमस्कार मात्र वाटेतच होतो, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या दिशेनं. या संस्थेमुळे कोथरूडकरांच्या तोंडी त्या टेकडीचं नावच ‘एआरएआयची टेकडी’ झालं आहे. वरचा वेताळ माणसांना झपाटतो, हे गाड्यांना झपाटतात, असं नानांचं वर्गीकरण. गाडीच्या सांगाड्याला नखाएवढा स्ट्रेन गेज चिकटवायचा. पातळ पत्र्याची नागमोडी तार ती. खालचं पोलाद केसभर ताणलं की तारही ताणली जाते, तिचा विजेचा रोध बदलतो आणि पोलाद किती कण्हलं ते कळतं. असे गेज लावून गाडी वाईट रस्त्यांवरून हिंडवायची, कण्हणं टिपून ठेवायचं आणि मग प्रयोगशाळेत तीच गाडी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दांड्यांवर उभी करून तेच धक्के रात्रंदिवस द्यायचे. वर्षांचा रस्ता आठवड्यांत संपवायचा. नाना हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जे पाणी येतं ते आमच्याकडे मुलगी सासरी जाताना येतं.

“पण नाना, पुण्यातला प्रत्येक खड्डा कसा धरणार? आज इथे असतो, उद्या तिथे.”

“खड्डा नाही धरायचा. स्वभाव धरायचा.” माणूस पुढच्या मिनिटाला काय बोलेल हे सांगता येत नाही, पण तो तापट आहे की थंड, हे सांगता येतं ना? तसंच रस्त्याचं. लांब हेलकावे किती, बारीक थरथर किती, याची वाटणी काढली की रस्त्याचा स्वभाव कागदावर येतो. रस्त्यांच्या खडबडीतपणाची आंतरराष्ट्रीय प्रतवारीसुद्धा आहे, ए पासून एच पर्यंत. आपला रस्ता कुठल्या इयत्तेत, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “सोमवारी सी. मंगळवारी पाइपलाइनवाले येऊन गेले की एफ. आणि गणपतीत मांडवाचे खड्डे पडतात तेव्हा हिशेबच बंद करायचा. तेव्हा लोडिंग स्टेशनरी राहत नाही.” म्हणजे भाराचा स्वभावच त्या दिवसांत पालटतो. काकूंनी मात्र आतून विचारलं, “स्टेशनरी? मग अप्पा बळवंत चौकात जाताच आहात तर मला दोन फुलस्केप वह्या आणा.”

नानांना कोरा कागद वापरलेला मी पाहिलेला नाही. लग्नपत्रिका, लाइटचं बिल, औषधांची यादी, सगळ्यांच्या पाठकोऱ्या बाजू त्यांच्या विद्येनं भरलेल्या असतात. अशाच एका मुंजीच्या पत्रिकेमागे त्यांनी मला पावसाची मोजणी शिकवली. आधी डोंगररांगेसारखी वेडीवाकडी रेघ काढली. “हा तुझा स्कूटरवरचा प्रवास, इथून स्वारगेट. आता यात धक्के किती?” मी शिखरं मोजली. सदतीस.

“चुकलास. उड्डाणपुलावर चढलास आणि उतरलास, हा एक मोठा हेलकावा. त्या चढावर पेव्हर ब्लॉकचे बारा बारीक दणके. तू तुकडे तुकडे मोजलेस आणि मोठा हेलकावा हरवून बसलास. नुकसान तर त्यानंच केलं!”

मग त्यांनी पत्रिका आडवीची उभी केली. डोंगररांगेची एकावर एक उतरती छपरं झाली. “आता हा आपला जुना वाडा समज. कौलांवर पाऊस पडतोय. प्रत्येक वळचणीपासून एकेक ओघळ सोडायचा. तो छपरावरून घरंगळतो, खालच्या छपरावर पडतो, पुढे जातो. वरून दुसऱ्या ओघळाचं पाणी आलं की हा थांबला. प्रत्येक ओघळ किती लांब गेला ते मोज.” दोन जपानी संशोधकांनी, मात्सुइशी आणि एंडो यांनी, १९६८ साली ही रीत मांडली. त्यांच्या डोळ्यांपुढे पॅगोड्याची छपरं होती. नानांच्या डोळ्यांपुढे शनिवारातला त्यांचा पाडलेला वाडा आहे. मोठा ओघळ मोठाच राहतो, लहान लहानच राहतात, कुणी कुणात हरवत नाही. “सासरचं दुःख असंच मोजावं,” नाना म्हणाले. पत्रिका उलटून पाहिली तर मुंज आदल्या दिवशी होऊन गेली होती.

आणि तेवढीही नोंद हाती नसली, नुसता स्वभाव माहीत असला, तर? तर दिर्लिक. तुर्की आडनावाच्या या माणसानं १९८५ साली इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि नुसत्या स्वभावावरून लहान-मोठे ओघळ किती निघतील याचं एक सूत्र दिलं. हे सूत्र लांबलचक आहे आणि नाना ते अथर्वशीर्षाच्या चालीवर म्हणतात.

धक्के मोजून झाले की जमाखर्च. यासाठी नानांकडे पासबुकाचा दाखला आहे. वस्तू जन्माला येते ती खात्यात ठरावीक रक्कम घेऊन. प्रत्येक धक्का म्हणजे काढलेले पैसे. मोठा धक्का मोठी रक्कम काढतो, लहान लहान. भरणा कधीच होत नाही. सगळ्या काढलेल्या रकमांची बेरीज एक झाली की खातं बंद. स्वीडनच्या पाल्मग्रेननं हे १९२४ मध्ये बॉल बेअरिंगसाठी सांगितलं, अमेरिकेच्या मायनरनं १९४५ मध्ये सगळ्यांसाठी. आणि भार थोडा वाढला तर खर्च थोडा वाढेल, अशी आशा ठेवू नये. स्कूटरच्या एखाद्या भागावर ताण दहा टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटू शकतं. हे नानांनी काकूंना डबलसीट बसताना सांगितलं. काकू उतरल्या. “म्हणजे मी तुमचे दहा टक्के का?” नाना म्हणाले, “नाही, नाही. ते जुने आकडे झाले.” त्या दिवशी स्कूटरचं आयुष्य वाढलं, नानांचं किंचित घटलं.

मात्र या खात्यात एक सवलत आहे, आणि ती पोलादाला. पोलादाची एक सहनमर्यादा असते. तिच्या आतला धक्का कितीही वेळा द्या, कोटी वेळा द्या, ते हिशेबात घेत नाही. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याला खालची मर्यादाच नीट सापडत नाही. बारीकसारीक टोमणेही ते लिहून ठेवतं आणि एक दिवस मोडतं. नाना माणसांची पारख याच कसोटीवर करतात. “तळमजल्यावरचे आजोबा पोलाद. चौथ्या मजल्यावरच्या बाई ॲल्युमिनियम.” “आणि काकू?” मी विचारलं. नानांनी आवाज खाली आणला. “पोलाद. पण एक आहे. एकदा चीर पडली की मग पोलादही लहान धक्के मोजायला लागतं.” आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. नाना पुटपुटले, “धरला.”

त्या दोघांची भांडणंही शास्त्रशुद्ध असतात. पुढे वाढू पाहणाऱ्या चिरेवर मध्येच एखादा जबर ताण आला तर चिरेच्या टोकाशी धातू दाबला जातो आणि पुढचे कितीतरी लहान धक्के तिला पुढे नेऊ शकत नाहीत. हे खरंच होतं, प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. नानांचा निष्कर्ष असा की वर्षातून एकदा दणकून भांडावं, म्हणजे रोजची कुरबुर बाधत नाही. यासाठी ते दिवाळीच्या साफसफाईचा आठवडा निवडतात. काकूंना या शास्त्राची माहिती नाही. त्यांना वाटतं, माळ्यावरची गंजकी पेटी टाकून द्यायला नाना दर वर्षी खरंच विरोध करतात.

चिरेवरचा दुसरा उपाय भोक. चिरेचं टोक सुईसारखं अणकुचीदार, सगळा ताण तिथे गोळा होतो. बरोबर टोकावर गोल भोक पाडलं की ताण पांगतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात तेही ताण एका ठिकाणी साचू नये म्हणूनच. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन विमानं आकाशात फुटली. मग त्याच जातीचं एक विमान पाण्याच्या टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापाशी उगम सापडला. हे नानांनी पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आमच्या आईला विमानतळावर निरोप देताना सांगितलं. आई दिल्लीपर्यंत खिडकीच्या कोपऱ्याकडे बघत गेली.

तर, भोक. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला चीर गेली. नानांनी ड्रिल आणून टोकाला भोक पाडलं. चीर थांबली. चार महिन्यांनी दुसरीकडून निघाली, तिथेही भोक. मग बादली, मग सूप, मग काकूंचा आवडता डबा. आज नानांच्या घरातल्या निम्म्या वस्तू चाळणीसारख्या दिसतात आणि एकही मोडलेली नाही. बादलीत पाणी राहत नाही, हा तिचा वेगळा प्रश्न.

२ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवायचा होता. सगळं पुणं टीव्हीपुढे. धडाका झाला, धूळ उठली, धूळ बसली आणि पुलाचा बराच भाग जागेवरच! शेवटी यंत्रं लावून पाडावा लागला. सकाळी लोक पुलावर विनोद करत होते. नाना एकटेच, मुलगा बोर्डात आल्यासारखे, वर मान करून फिरत होते. “मी सांगत होतो. एका धक्क्यानं काही तुटत नसतं.”

हे सगळं मी तुम्हाला हसत सांगतो आहे, कारण गेल्या वर्षीपर्यंत मीही हसतच होतो. मग एका संध्याकाळी आमचं लहान फाटक तुटलं. आमचा वॉचमन, नांदेडकडचा विशीतला मुलगा, नेहमीसारखं ते हलकेच ओढून घेत होता. बिजागरीची पट्टी सुटली आणि फाटक त्याच्या हातात आलं. तो तसाच फाटक धरून उभा राहिला, लहान मुलाच्या हातात फुटलेल्या कपाचा कान राहावा तसा.

रविवारी सोसायटीची सभा. सेक्रेटरींनी मांडलं, निष्काळजीपणा आहे, दुरुस्तीचा खर्च पगारातून कापावा. अनुमोदन आलं. माझाही हात अर्धा वर गेला होता, हे कबूल करतो. तेवढ्यात नाना आले. एका हातात डायरी, दुसऱ्या हातात, फडक्यात गुंडाळलेली, तुटलेली पट्टी.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. “हा तुटलेला काठ बघा. हा इकडचा भाग गुळगुळीत आहे, गंजलेला आहे. यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात? ओहोटीला पाणी मागे सरतं तेव्हा वाळूवर उमटतात, तशा. चीर थोडी वाढली, थांबली, पुन्हा वाढली, त्याच्या या खुणा. गंज चढायला दिवस लागतात. आणि हा कोपऱ्यातला बोटाच्या पेराएवढा भाग तेवढा चकचकीत. त्या दिवशी तुटलं ते एवढंच.”

सभेत कुणीतरी जांभई दिली. नानांनी डायरी उघडली.

“फाटक अकरा वर्षांचं. वर्षाला ७३,००० प्रमाणे आठ लाख तीन हजार वेळा लागलं. मागच्या वर्षी आठवडाभर मी बिजागरीला गेज चिकटवला होता.” तो सीसीटीव्ही आहे असं सगळे समजत होतो, ही गोष्ट तेव्हा उलगडली. “साठ टक्के लोक हलक्या हातानं लावतात. ते सहनमर्यादेच्या आत, धरले नाहीत. तीस टक्के मध्यम. उरलेले दहा टक्के कडेलोट. कडेलोटात ताण मध्यमच्या दुप्पट येतो आणि वेल्डला दुप्पट ताण म्हणजे आठपट नुकसान. तीस गुणिले एक, तीस. दहा गुणिले आठ, ऐंशी. एकशेदहापैकी ऐंशी. म्हणजे हे फाटक त्र्याहत्तर टक्के तोडलं ते कडेलोटवाल्यांनी. आणि कडेलोट करणारे फ्लॅट चोवीसपैकी तीनच आहेत.” नानांनी चष्मा पुसला. “नंबर वाचू का?”

सभेत अशी शांतता मी श्रद्धांजलीच्या ठरावालाही पाहिलेली नाही.

“हा पोरगा साठ टक्क्यांतला. दोन वर्षांत त्यानं एकदाही फाटक आपटलेलं नाही. शेवटचा धक्का याच्या हातून बसला, एवढाच याचा गुन्हा. बिचारा निमित्तमात्र. पगार कापायचाच असेल तर हिश्शानं कापा, अकरा वर्षांचा हिशेब मी देतो.”

सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला, पाण्याची टाकी धुणे. फाटकाचा खर्च सोसायटीच्या खात्यातून झाला.

घरी येताना माझ्या लक्षात आलं, नानांच्या घरी कप फुटला म्हणून मावशींना कधी कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. काच तडकली म्हणून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनाही नाही. ते तुकडे उचलतात, काठ उजेडात धरतात, जुनी चीर शोधतात आणि मावशींना म्हणतात, “तुमचा नव्हे हो. हा २०१६ पासूनचा आहे.” मग मला कडेलोट करणारे ते तीन फ्लॅट आठवले. नानांनी नंबर वाचले नाहीत याबद्दल मी मनोमन त्यांचे आभार मानले. त्यातला एक माझाच असणार, अशी दाट शंका होती. ऑफिसला उशीर झाला की माझ्या हाताला मर्यादा राहत नाही.

नवी बिजागरी लागली. नानांनी डायरीत नवं पान काढलं. वर तारीख, खाली ‘नुकसान : ०’.

परवा रात्री साडेअकराला मी घरी आलो. सोसायटी झोपलेली. बाल्कनीत झोपाळ्याच्या कड्यांची करकर चालू होती, म्हणजे नाना जागे होते. मी फाटक दोन्ही हातांनी धरलं आणि झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालची उशी सरकवावी तसं मिटत मिटत आणलं. कडी लागल्याचा जेमतेम टिक् असा आवाज झाला. मी श्वास रोखून वर पाहिलं.

करकर थांबली. अंधारातून नानांचा आवाज आला, दबक्या सुरात, शेजाऱ्यांची झोप मोडू नये इतका.

“हा धरला नाही रे.”